ओलांड, पीळ, ओलांड

वोलोग्दाच्या लेसचा कागदी नमुना हातात घेतला तर त्यात नक्षी दिसतच नाही. दिसतात ती भोकं. जाड कागद, त्यावर पेन्सिलीने काढलेल्या दोन समांतर नागमोडी रेषा आणि त्या रेषांवर ठरावीक अंतराने टोचलेली छिद्रं, एवढाच ऐवज. रशियन कारागीर बायका याला ‘स्कोलोक’ म्हणतात. हा कागद उशीवर ताणून बसवायचा, एकेका छिद्रात टाचणी रोवायची आणि टाचण्यांच्या आधाराने दोरा पुढे न्यायचा. दोरा कुठे वळवायचा ते कागद सांगतो. दोन काठांच्या मधल्या जागेत काय करायचं हे मात्र तो सांगत नाही. तिथे साधी वीण घालायची, मधोमध बारीक खिडक्यांची रांग सोडायची, की दोन्ही काठांकडून दोरे मध्यावर आणून एकमेकांत अडकवून माघारी धाडायचे, हे सगळं विणणारीवर सोपवलेलं. त्यामुळे एकाच कागदावरून दोन गावांतल्या दोघींनी विणलेल्या पट्ट्या सारख्या निघतील याची खात्री कोणी देत नाही.

या मधल्या जागेतली वीण नंतर उलगडायची कशी, हा पेच रशियाबाहेरच्या हौशी मंडळींइतकाच रशियातल्या नातींनाही पडतो. आजीची पट्टी पेटीत असते. ती विणताना पाहिलेलं माणूस उरलेलं नसतं.

मी राहते वारूळवाडीत. नारायणगावाला लागून, मीना नदीच्या काठचं गाव. इथे दोऱ्याचा नि माणसाचा संबंध येतो तो मुख्यतः सुतळीतून, टोमॅटोच्या बांधणीच्या दिवसांत. आमच्या आधीच्या पिढीला रशिया भेटला तो प्रगती आणि रादुगा प्रकाशनाच्या स्वस्त, जाडजूड मराठी पुस्तकांतून. त्या रशियात बर्फ होतं, समोवार होता, कोल्हे आणि अस्वलं होती, पण उशीवर टाचण्या रोवून बसलेली बाई काही माझ्या वाचनात आली नव्हती. ती भेटली फार नंतर, वोलोग्दाच्या एका पट्टीच्या मोठ्या करून छापलेल्या छायाचित्रात. क्रोशाच्या घरात वाढल्यामुळे वीण दिसली की ती ‘कशी घातली असेल’ हा प्रश्न आपोआप येतो. या वेळी उत्तर आलं नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी सामान. रशियन उशी म्हणजे सरळ आपला लोड: लांबट, गोल, गवताने नाहीतर भुशाने दगडासारखा कडक भरलेला आणि लाकडी घोडीवर आडवा ठेवलेला. काम पुढे सरकेल तसा तो फिरवायचा. दोरा गुंडाळायला लाकडी कांड्या. त्यांच्या वरच्या मानेवर दोरा असतो आणि खालचं बूड हातात धरायला. इंग्लंडातल्या विणकर बायका कांडीच्या टोकाला रंगीत मणी ओवतात. रशियन कांडी बोडकीच, फार तर बुडाशी जराशी फुगीर. दोरा बहुतेक करून अळशीचा, म्हणजे लिननचा. वोलोग्दा प्रांत जवसाच्या शेतीचा, त्यामुळे कच्चा माल दारातच. मी आमच्याकडे बैठकीवरचा लोड घेतला आणि टोमॅटोच्या ताटीच्या बांबूचे तुकडे करून त्यांना सुरीने मान पाडली. मान पाडली नाही तर दोऱ्याचा फास घसरतो आणि कांडी जमिनीवर जाते.

आता हालचाली. कांड्या नेहमी जोडीने वापरतात. दोन जोड्या घ्या, म्हणजे चार दोरे, डावीकडून एक, दोन, तीन, चार. दुसरा दोरा तिसऱ्यावरून न्यायचा, ही ओलांड. मग दोन्ही जोड्यांत उजवा दोरा डाव्यावरून न्यायचा, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा पहिल्यावरून आणि चौथ्या जागेवरचा तिसऱ्यावरून, हा पीळ. बस्स, तिसरी हालचाल नाही. सोळाव्या शतकापासून आजवर युरोपभर कांड्यांवर विणलेली लेस, मग ती राजाच्या गळ्यातली असो की शेतकरणीच्या टॉवेलाची, या दोन हालचालींतून निघाली आहे. ओलांडताना डावा दोरा वर राहतो, पिळताना उजवा. या उलटसुलट नियमामुळे प्रत्येक दोरा आपोआप एकदा वर, एकदा खाली असा जातो आणि गाठ एकही न मारता काम धरून राहतं.

रशियन लेसची मुळाक्षरं चार सांगतात. ओलांड, पीळ, ओलांड अशी वीण घालत गेलं की दाट कापड तयार होतं: पोलोत्न्यान्का. शेवटची ओलांड गाळून नुसतं ओलांड-पीळ केलं की दोरे तिरपे पांगतात आणि विरळ जाळी पडते: सेत्का. त्याच दोन जोड्यांवर ओलांड-पीळ करत राहिलं की चौपेडी वेणी होते: प्लेतेशोक. आणि चौथी नस्नोव्का, म्हणजे चारपैकी एका दोऱ्याने उरलेल्या तिघांतून वर-खाली येरझाऱ्या घालून भरलेलं पान. दिसायला सगळ्यांत सोपी आणि करायला सगळ्यांत हट्टी. तिच्याकडे शेवटी येऊ.

बेल्जियम-फ्रान्सची नाजूक लेस शेकडो कांड्यांवर एकदम विणली जाते. वोलोग्दाची तशी नाही. तिथे सहा ते बारा जोड्यांची एक अरुंद पट्टी असते, तिला ‘विल्यूश्का’ म्हणतात, आणि ही एकच पट्टी वळणं घेत, मागे फिरत, स्वतःलाच वळसा घालत सगळा फुलोरा काढते. जिथे ती स्वतःच्या जुन्या काठाशी येते तिथे क्रोशाच्या बारीक सुईने दोरा त्या काठातून ओढून सांधतात. मधल्या मोकळ्या जागा वेण्यांच्या आणि पानांच्या जाळीने भरतात. कागदावरच्या रेषा दुरून पाहिल्या तर शेतातल्या पाटासारख्या दिसतात, कारण त्यांचं काम तेच: प्रवाहाला वाट दाखवणं.

या जाळीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण आमच्या भागातल्या माणसाला ती अगदीच परकी नाही. वारूळवाडीहून जवळच खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या तीन फाट्यांवर लांबवर पसरलेल्या. पाहुणे आले की आम्ही त्यांना त्या दाखवायला नेतो आणि पाहुणे हटकून विचारतात, ‘हिच्यातून तर आभाळ दिसतंय, मग ही काम कशी करते?’ तबकडीचा पृष्ठभाग पत्र्याचा नाहीच. तो ०.५५ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी आहे, ताणलेल्या तारदोरांवर बांधलेली. भोकं कुठे १० मिलिमीटरची, कुठे १५, काठाकडे २०. ही दुर्बीण जे रेडिओ-तरंग पकडते त्यांची लांबी या भोकांपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे तरंगाला ती जाळी सलग भिंत वाटते आणि वारा मात्र आरपार जातो. गोविंद स्वरूप यांनी ही रचना केली तेव्हा पोलाद वाचवायचं, वाऱ्याचा दाब टाळायचा आणि खर्च आवाक्यात ठेवायचा, हा हिशेब होता. लेसमध्येही भोक मोजूनमापून ठेवलेलं असतं. ते चुकलं तर पान फुलापासून वेगळं दिसत नाही.

आता मूळ पेच. कोणाच्या तरी हातची पूर्ण झालेली पट्टी समोर आहे, कागद नाही, विणणारी नाही. वीण उलगडायची.

आधी चालती जोडी शोधायची. पट्टी कितीही वळली तरी तिच्यात लांबीच्या दिशेने जाणाऱ्या उभ्या जोड्या असतात आणि एक जोडी या काठाकडून त्या काठाकडे येरझाऱ्या घालत असते. पैठणी किंवा इरकल विणणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही: ताणा आणि बाणा. काठावरचं टाचणीचं भोक म्हणजे चालत्या जोडीने घेतलेलं वळण. एका काठावरच्या लागोपाठच्या दोन भोकांत तिची एक पूर्ण फेरी होते. मग पट्टीचा सगळ्यांत सरळ तुकडा निवडून काठापासून काठापर्यंत उभे दोरे मोजायचे आणि दोनाने भागायचं. वळणावर मोजू नये. तिथे दोरे एका अंगाला दाटतात.

पुढचा नियम मला सगळ्यांत उपयोगी पडला. दाट विणीत जिथे भोक आहे तिथे जादा पीळ आहे. ओलांड-पीळ-ओलांड दोऱ्यांना एकमेकांजवळ आणते. चालत्या जोडीला दोन उभ्या जोड्यांच्या मधे एक पीळ जास्त दिला की त्या दोघी बाजूला सरतात आणि खिडकी पडते. प्रत्येक फेरीला त्याच जागी पीळ दिला तर मधोमध शिडी उभी राहते. एक फेरी सोडून एक दिला तर खिडक्या लांबट होतात. पिळाची जागा दर फेरीला एकेका जोडीने सरकवत नेली तर तिरपी रेघ, आणि ती काठाशी पोचल्यावर उलट फिरवली तर नागमोड. कधी पीळ चालत्या जोडीला नसून उभ्या जोडीला असतो. मग ती जोडी दोन सुट्या दोऱ्यांऐवजी एका पिळदार दोरीसारखी उठून दिसते आणि पट्टीला शिरा आल्यासारख्या वाटतात. भिंग घेऊन पाहिलं की पिळाचे वेढे मोजताही येतात. आणि एक गंमत: पट्टी उलथी केली तरी वेढ्यांचा कल बदलत नाही, पण छायाचित्र डावं-उजवं उलटं छापलं असेल तर वेढे चुकीच्या हाताला झुकलेले दिसतात आणि छापणाऱ्याची गफलत लगेच पकडली जाते.

इथपर्यंत सगळं चिकाटीचं काम. खरा घोळ सुरू होतो तो पट्टीच्या मध्यावर जेव्हा अशी फट दिसते जी कुठल्याही पिळाने पडू शकत नाही, आणि फटीच्या वर-खाली छोटासा सांधा. तिथे चालत्या जोड्या दोन असतात. डावीकडची डाव्या अर्ध्या भागात येरझाऱ्या घालते, उजवीकडची उजव्या. ठरावीक फेरीनंतर दोघी मध्यावर भेटतात, एक वीण घालतात आणि परततात. पण परतते कोण? ओलांड-पीळ-ओलांड घातली तर दोघींची पूर्ण अदलाबदल होते: डावी उजव्या अंगणात जाते, उजवी डाव्या. तीच वीण आणखी एक पीळ आणि एक ओलांड देऊन लांबवली तर प्रत्येकीतला एकेक दोरा बदलतो, एकेक आपल्या घरी राहतो. पांढऱ्या दोऱ्यात हा फरक डोळ्याला जाणवत नाही. त्यावर उपाय एकच, नमुना रंगीत दोऱ्यांत विणून पाहायचा. डावी चालती जोडी लाल, उजवी निळी, उभ्या जोड्या पांढऱ्या. सांध्यानंतर लाल पट्टा संपूर्ण पलीकडे गेला की पहिली वीण. दोन्हीकडे लाल-निळं मिसळलं की दुसरी. मग मूळ तुकड्यातल्या सांध्याची उंची आपल्या दोन्ही नमुन्यांशी ताडून पाहायची. कुठली जुळते ते कळतं. कधी कधी दोन्ही जवळजवळ जुळतात. अशा वेळी मी विणायला सोपी असेल ती धरते, कारण फेरीवर पैसे मिळणारी बाईही तेच करणार.

अशी उकल लिहून ठेवायची तर आंतरराष्ट्रीय रिवाज रंगांचा आहे. आकृतीत जांभळी रेघ म्हणजे ओलांड-पीळ-ओलांड, हिरवी म्हणजे ओलांड-पीळ, लाल म्हणजे ओलांड-पीळ-ओलांड आणि वर एक पीळ. एकेक रेघ म्हणजे एकेक जोडी. भाषा कुठलीही असो, आकृती वाचता येते. क्रोशाच्या नकाशात साखळी, खांब, मुका खांब यांना खुणा असतात तसंच हे. फरक असा की क्रोशाचा नकाशा घराघरांत पोचलेला आहे.

शेजारच्या एका काकूंना मी ते छायाचित्र आणि माझे रंगीत तुकडे दाखवले. रुखवतासाठी त्यांनी क्रोशाची तोरणं, रुमाल, ताटावरची झाकणं असं आयुष्यभर विणलंय. कुठलाही नमुना त्या नुसत्या बघून उतरवतात. त्यांनी तुकडा उलटसुलट केला, बोटाने चाचपला, एक दोरा ओढून पाहिला.

“अगं, हे उसवायचं कुठनं? टोकच सापडंना.”

“काकू, टोक एक नाहीच. बारा दोरे आहेत.”

“मग चुकलं तर काय करत्यात त्या बाया?”

“जसं विणलं तसंच मागं जायचं. शेवटची हालचाल आधी सोडवायची.”

“म्हणजे चुकायचंच न्हाई,” असं म्हणून त्यांनी तुकडा परत दिला. क्रोशा एका दोऱ्याचा असतो; टोक ओढलं की सगळं उसवतं आणि उसवता उसवता कसं विणलं होतं ते कळतंही. म्हणून काकूंचा पहिला प्रश्न तोच होता, आणि तो मर्मावरचा होता. कांड्यांच्या लेसला उसवून शिकता येत नाही. विणलेल्याच क्रमाने उलट जावं लागतं, आणि क्रम माहीत असला तरच उलट जाता येतं.

रशियात हे ज्ञान कागदावर आणायचा पहिला मोठा प्रयत्न केला सोफ्या अलेक्सांद्रोव्ना दाविदोवा यांनी. १८८० च्या दशकात त्यांनी गावोगाव हिंडून लेस विणणाऱ्या बायकांकडून नमुने गोळा केले, त्यांची मिळकत, दोऱ्याचा खर्च, खरेदीदारांचे व्यवहार यांची चौकशी केली. १८९२ मध्ये त्यांचा ‘रशियन लेस आणि लेस विणणाऱ्या रशियन बायका’ हा मोठा ग्रंथ पीटर्सबर्गला निघाला. ग्रंथाच्या नावात बायका आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्याच काळात, १८८३ मध्ये, पीटर्सबर्गला लेस विणणाऱ्यांसाठी मारिन्स्काया शाळा सुरू झाली. प्रांतांतून मुली आणून त्यांना शिकवायचं आणि परत पाठवून तिथे शिक्षिका करायचं, असा तिचा बेत होता.

खुद्द वोलोग्दात यापूर्वीच एक कर्तबगार बाई होऊन गेली होती. आन्फिया फ्योदोरोव्ना ब्र्यान्त्सेवा. तिने आणि तिची मुलगी सोफ्या पेत्रोव्ना हिने मिळून आठशेहून अधिक मुलींना हे काम शिकवलं, आणि आज ज्याला वोलोग्दाची धाटणी म्हणतात ती घडवण्याचं श्रेय ब्र्यान्त्सेवाला देतात. त्याआधी १८२० मध्ये शहराजवळच्या कोविरिनो गावात झासेत्स्काया नावाच्या जमीनदारणीने लेसचा कारखाना काढला होता. तिथे राबणाऱ्या भूदास बायका पश्चिम युरोपच्या नमुन्यांची नक्कल करायच्या. ती नक्कल पुसून स्थानिक हात वर आला तो गावांत, कारखान्याबाहेर. १८९३ मध्ये वोलोग्दा प्रांतात चार हजार बायका लेसवर पोट भरत होत्या; १९१२ मध्ये हा आकडा ३९ हजारांच्या घरात गेला. एवढी वाढ शौकाने होत नाही. शेतीचा हंगाम आखूड, हिवाळा लांब आणि मधे खरेदीदार. तो दोरा आणि कागद देई, वारावर किंवा नगावर भाव ठरवी आणि पुढे शहरात कितीला विकलं ते सांगत नसे.

या बायकांचं एक चित्र रशियात सगळ्यांना पाठ आहे: वासिली त्रोपिनिनचं १८२३ चं ‘लेसवाली’. मुलगी उशीवर हात ठेवून आपल्याकडे बघत हसते आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली व्हर्मीरची लेसवाली त्याहून दीडशे वर्षं जुनी. ती आपल्याकडे ढुंकूनही पाहत नाही. दोन कांड्या ताणून धरलेल्या आणि नजर टाचणीवर. त्रोपिनिनची पोर गोड आहे, पण मला विचाराल तर कांड्या हातात धरून व्हर्मीरचीच बसली आहे.

क्रांतीनंतर कारागिरांच्या सहकारी संस्था झाल्या, १९३० मध्ये वोलोग्दाच्या लेस विणणाऱ्यांचा संघ झाला. विल्यूश्काने फुलांऐवजी तारे, कोयता-हातोडा आणि नांगर काढून पाहिले. ते तुकडे आज संग्रहालयात कुतूहल म्हणून शोभतात. पण सरकारने पाठीशी राहून चित्रकार नेमले, त्यांनी मोठे पडदे आणि पलंगपोस रचले, आणि १९३७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात वोलोग्दाच्या लेसला ग्रां प्री मिळालं. १९५८ च्या ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात सुवर्णपदक. २०१० मध्ये वोलोग्दात लेसचं स्वतंत्र संग्रहालय उघडलं. तिथे जे भिंतीवर लटकतं ते कलाकाराच्या नावाने. विणणाऱ्या हातांचं नाव दर वेळी सापडेलच असं नाही.

वोलोग्दा सोडून रियाझान भागातल्या मिखाइलोव्हला गेलं की सगळा खेळ बदलतो. इथली लेस जाड दोऱ्याची, लाल-निळ्या-पांढऱ्या रंगांची, शेतकरणींच्या झग्याच्या काठाला शोभणारी, आणि ती कागदाशिवाय विणतात. भोकांचा नमुना नाही. जोड्या आणि फेऱ्या मोजत जायचं. म्हणून तिला ‘मोजीव’ म्हणावं अशा अर्थाचं नाव आहे. अशा पट्टीची वीण उलगडणं त्यामानाने सुखाचं, कारण रंग चालत्या जोडीची वाट उघडी करतात.

भारतात कांड्यांची लेस आली ती दक्षिण टोकाला. १८२० च्या सुमारास लंडन मिशनरी सोसायटीच्या मार्था मॉल्ट यांनी नागरकोइलमध्ये मुलींना उशीवरची लेस शिकवायला सुरुवात केली. तेव्हा तो भाग त्रावणकोर संस्थानात होता आणि संस्थानात गुलामगिरी कायदेशीर होती. ती १८५५ मध्ये संपली. त्याआधी लेसच्या कमाईतून स्वतःची किंमत मोजून मोकळ्या झालेल्या मुली तिथे होत्या. मॉल्ट यांची मुलगी एलायझा हिचं लग्न रॉबर्ट काल्डवेल यांच्याशी झालं, तेच द्राविडी भाषांच्या तौलनिक व्याकरणाचे कर्ते. तिने इडैयनगुडीला लेसचं काम सुरू केलं. नवरा ओट्यावर बसून तमिळ, कन्नड, तेलुगूचे प्रत्यय जुळवतो आहे आणि आतल्या बाजूला बायको मुलींना ओलांड-पीळ शिकवते आहे, असं दृश्य डोळ्यांसमोर आलं की मला त्या घराचं कौतुक वाटतं; दोघंही बारीक वीण सोडवण्यातच गुंतलेले. पुढे १८९७ मध्ये मारी लुईझ द मीस्टर ही बेल्जियन जोगीण मुलगुमुडूला आली आणि तिच्या मठानेही लेसचं काम चालवलं. आंध्रातल्या नरसापूरची लेस प्रसिद्ध आहे, पण ती क्रोशाची. तिच्यावर मारिया मीस यांचं १९८२ चं पुस्तक आहे. घरात बसून जगाच्या बाजारासाठी विणणाऱ्या बाईला तिचा नवरा, व्यापारी आणि सरकारही कामगार न मानता ‘रिकामा वेळ घालवणारी गृहिणी’ कसं मानतात, ते त्यात उघडं केलं आहे. वोलोग्दाच्या १९१२ च्या आकड्यामागेही हाच हिशेब होता.

आपल्याकडे घराघरांत पोचली ती क्रोशाची सुई, आणि दुकानांतली ‘लेस’ म्हणजे यंत्राची पट्टी. जॉन हीथकोटने १८०८-०९ मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, १८१३ मध्ये लीव्हर्सचं यंत्र आलं. १८१६ मध्ये चिडलेल्या कामगारांनी हीथकोटच्या लफबरोच्या कारखान्यातली यंत्रं फोडली आणि तो बिऱ्हाड उचलून टिव्हर्टनला गेला. यंत्राने चालती जोडी आणि उभ्या जोड्या यांचा हिशेब केव्हाच सोडवला आहे; मात्र वळणावर पट्टी स्वतःच्या काठाला सांधून पुढे जाणं अजून हाताचंच काम.

तरीही कांड्यांच्या लेसचं गणित मराठी माणसाच्या अंगात नाही असं नाही. ते शाळेच्या गॅदरिंगमध्ये पाहिलं आहे: गोफ. मधोमध टांगलेल्या रंगीत दोऱ्या, प्रत्येकाच्या हातात एक टोक. अर्धे या दिशेने फिरतात, अर्धे उलट. समोरून येणाऱ्याला एकदा आतून चुकवायचं, एकदा बाहेरून. वर दोऱ्यांची वेणी पडत जाते. गोव्यात शिगम्याला काणकोण, सांगे, केपे भागातले शेतकरी हा खेळ फार देखणा करतात. विणून झाल्यावर खरी परीक्षा: नाचणाऱ्यांनी तीच पावलं नेमकी उलट टाकायची आणि गोफ सोडवायचा. एकाने जरी आतबाहेरचा क्रम चुकवला तरी दोरी अडकते. इथे प्रत्येक नाचणारा म्हणजे एक कांडी. काकूंना जे उसवता येईना ते गोफवाले दर वर्षी उसवून दाखवतात.

एमिल आर्टिन या गणितज्ञाने १९२५ मध्ये वेण्यांचं बीजगणित मांडलं तेव्हा त्याच्या मुळाशी हेच होतं: प्रत्येक ओलांडीला तिची उलट ओलांड असते, आणि वेणी सोडवायची तर उलट हालचाली उलट क्रमाने कराव्या लागतात. अलीकडे कॅनडातल्या व्हेरोनिका अर्विन यांनी फ्रँक रस्की यांच्याबरोबर कांड्यांच्या लेसचंच गणिती प्रारूप बांधलं. जाळीच्या प्रत्येक सांध्यावर दोन जोड्या येतात आणि दोन बाहेर पडतात, एवढ्यावरून संगणकाने कोणकोणत्या जाळ्या संभवतात ते धुंडाळायचं. पूर्वी कोणी न विणलेल्या जाळ्या त्यातून निघाल्या आणि त्यांतल्या काही त्यांनी स्वतः विणूनही पाहिल्या. पाच शतकं हात चालवूनही बायकांनी सगळ्या शक्यता संपवल्या नव्हत्या, हे यातून कळलं.

राहिली नस्नोव्का. चार दोऱ्यांपैकी एक चालता, तीन उभे. चालता दोरा मधल्यावरून, कडेच्याखालून फिरतो. प्रत्येक फेरीनंतर दोन कडेचे दोरे किंचित बाहेर ताणून धरायचे, म्हणजे पान रुंद होतं, आणि टोकाकडे चालत्या दोऱ्याचा ताण वाढवायचा, म्हणजे ते निमुळतं होतं. पान पूर्ण होईपर्यंत सगळं ठीक असतं. ते पुढच्या वेणीत सांधताना चालत्या दोऱ्याच्या कांडीचं नुसतं वजन जरी त्याच्यावर आलं तरी पान आक्रसून सुरळी होतं, आणि मग ते परत पसरत नाही. म्हणून चालत्या दोऱ्याची कांडी उशीवर टेकवून, सैल सोडून ठेवायची आणि आधी बाकीच्या तिघांना कामाला लावायचं. चालत्या दोऱ्याची पाळी सगळ्यांत शेवटी. हे कुठल्याही तयार पट्टीकडे बघून कळणार नाही, कारण पानात त्याची खूणच उरत नाही.

कुणाला हात घालायचा असेल तर सहा जोड्या पुरतात. चार उभ्या, एक चालती, एक काठासाठी. दोरा जरा जाड आणि पीळ घट्ट असलेला घ्यावा. क्रोशाचा वीस नंबर चालतो. टाचण्या बारीक आणि न गंजणाऱ्या हव्यात, नाहीतर पावसाळ्यात पांढऱ्या काठावर तपकिरी ठिपके पडतात. पहिली पट्टी सरळच विणावी, बोटभर साधी, मग बोटभर मधोमध पीळ देऊन, मग उभ्या जोड्यांना पीळ देऊन, आणि चालती जोडी मात्र लालच ठेवावी.